छोटी दांडी

सत्काराच्या दिवशी पहिल्या एसटीनं नवरा आपल्याला जीप आणायला घेऊन जाईल, असं धम्मशीलाबाईंना चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं. रोहिणखेडच्या अंगणवाडीतून त्या गेल्याच आठवड्यात निवृत्त झाल्या होत्या. आज दुपारी एक वाजता शाळेच्या मैदानावर गाव त्यांचा सत्कार करणार होतं. मिरवणूक नको, फेटे नकोत, एक शाल आणि सगळ्यांना चहा, एवढंच करायचं, असं त्यांनी सरपंचांकडून कबूल करून घेतलं होतं. आणि अशा दिवशी त्या मोरपंखी रंगाची नवी साडी नेसून, मोताळ्याच्याही पलीकडे, एका अनोळखी माणसाच्या मळ्यात निघाल्या होत्या.

"कार्यक्रम एक वाजता हाये," एसटीत त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

"आपन अकराला घरी," देवानंदराव म्हणाले. "रामराव उद्या पोरीकडं देऊळगाव राजाले चालले, महिनाभरासाठी. आज नाही घेतली त जीप गेली हातची. अन् तू पाय ना, सरळ जीपमधून उतरशीन शाळेसमोर. डॉक्टरसारखी."

हे 'डॉक्टरसारखी' फार जुनं होतं. देवानंद हिवराळे तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. खेड्यात गाय आजारी पडली की डॉक्टर सरकारी जीपमधून पुढे जायचे आणि देवानंदराव औषधांची पेटी सायकलला बांधून मागून. ते पोचेपर्यंत डॉक्टर गाय तपासून, चहा पिऊन औषधाची वाट बघत बसलेले असायचे, आणि गाईचा मालक देवानंदरावांकडे असा बघायचा, की गाय त्यांच्यामुळेच आजारी पडली असावी. निवृत्त झाल्यावर सायकल सुटली, पण जीप काही डोक्यातून गेली नाही. त्यात त्यांचं शेत नाल्याच्या पलीकडे. पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीतून चारही चाकं ओढणारी जीपच जाऊ शकते, हे ते घरात इतक्या वेळा सांगायचे, की धम्मशीलाबाई आताशा "हाव" एवढंच म्हणायच्या.

सहा महिने त्यांनी मोबाइलवर जुन्या जीपांचे व्हिडिओ बघितले होते. सगळ्यांचं सांगणं एकच. पत्रा दिसतो, टायर दिसतात, इंजिनाचा आवाज ऐकू येतो. पण गिअरबॉक्स झाकलेला असतो आणि माणूस तिथंच फसतो. बैलाचे दात बघून वय सांगणाऱ्या देवानंदरावांना गिअरचे दात बघता येत नाहीत याचं फार वाईट वाटायचं. मग त्यांनी एका जुन्या लसीकरणाच्या कार्डामागं गिअरबॉक्सबद्दल अठरा प्रश्न लिहून काढले. आज ते कार्ड त्यांच्या वरच्या खिशात होतं.

रामराव मळ्याच्या फाटकातच उभे होते. सत्तरीचे, उंच, अंगात स्वच्छ पांढरा सदरा.

"राम राम, गुरुजी!"

"जय भीम. गुरुजी नाही बाप्पा, मी ढोराच्या दवाखान्यात होतो."

"मंग त चांगलंच झालं. पाहा मंग, पाय बी पाहा अन् पोट बी पाहा," असं म्हणून रामरावांनी जीपवरची ताडपत्री ओढली. हिरव्या रंगाची, छप्पर कापडाचं, वीस वर्षं एकाच माणसाच्या हाताखाली राहिलेली जीप तिथं अगदी शांतपणे उभी होती. रामरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मुलांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केली होती, म्हणून ती विकायची वेळ आली होती.

देवानंदरावांनी कार्ड काढलं. गिअरचं तेल काडीवर घेऊन बोटांत चोळलं, वास घेतला, उन्हात धरून त्यात लोखंडाचा कीस चमकतो का ते बघितलं. इंजिन चालू ठेवून ते जीपखाली आडवे झाले आणि गिअरबॉक्सला कान लावून बराच वेळ पडून राहिले. ओसरीत चहा पीत बसलेल्या रामरावांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी हळूच धम्मशीलाबाईंना विचारलं, "यायले बरं नाही का?"

"बरं हाये. तपासून राह्यले."

"दुसऱ्यातून गिअर सुटते का?" देवानंदरावांनी जीपखालून विचारलं.

"यायच्या हातातून आजलोक काहीच सुटलं नाही," मनकर्णाबाई ओसरीतून म्हणाल्या. "हे जीप पहिलीच."

मग नांगरलेल्या वावरातून एक चक्कर झाली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, उलटा. कुठं कुरकुर नाही, कुठं झटका नाही. सतरा प्रश्नांसमोर बरोबरच्या खुणा झाल्या. अठरावा राहिला. मोठ्या गिअरच्या शेजारी एक छोटी दांडी होती आणि तिच्यावर रामरावांची टोपी अडकवलेली होती.

"हे दांडी?"

"हे टोपीची," रामराव म्हणाले.

"अहो, फोर व्हीलची हाये ते. खाली दाबली की चारही चाकं लागतात अन् गाडी हळू होते, पन ताकद दुप्पट. चालते का?"

"चालत असन."

"तुमी कधी टाकून नाही पाह्यली?"

"नाही बा. मी गाडी घेतली तवा त्या मानसानं सांगतलं होतं, हिले हात लावू नका. मी नाही लावला. तुमी बी नका लावू. ते आपल्या जागी सुखी हाये."

देवानंदरावांच्या मनात पाल चुकचुकली. विकणारा जिथं हात लावू देत नाही तिथंच खोट असते, हे एका व्हिडिओत लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. त्यांनी दांडीकडे हात नेला, तोच ओसरीतून आवाज आला.

"घ्याची का नाही घ्याची, ते सांगा. दहा वाजले."

धम्मशीलाबाईंचा तो आवाज अंगणवाडीतला होता. चौतीस वर्षांत त्या आवाजापुढे कुणी ताटात खिचडी उरू दिली नव्हती. देवानंदरावांनी जीप घेतली. सह्या झाल्या, पैसे झाले, रामरावांनी दांडीवरची टोपी दोन्ही हातांनी काढून घेतली आणि जीपच्या बॉनेटवर एकदा हात फिरवून ते घरात निघून गेले.

जीप सुंदर चालली. धम्मशीलाबाईंनी काच नसलेल्या खिडकीतून बाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना कपाशीची वेचणी चालली होती, बाया मान वर करून बघत होत्या. "बरी हाये," असं त्या म्हणाल्यासुद्धा. हे शब्द ऐकून माणसानं सुखानं घरी जायला हवं होतं. पण देवानंदरावांच्या खिशात अठरावा प्रश्न टोचत होता. मोताळा दिसू लागल्यावर त्यांनी डांबरी रस्त्याच्या कडेला जीप थांबवली.

"काऊन थांबले?"

"एक मिनिट फक्त."

क्लच दाबून त्यांनी छोटी दांडी खाली लोटली. ती निमूटपणे खाली बसली. त्यांनी गाडी सोडली, तर इंजिन मोठ्यानं गरजलं आणि जीप एखाद्या गाभण म्हशीसारखी जपून जपून पुढे सरकू लागली.

"पाह्यलं? चालते! अठराच्या अठरा पास! रामरावाले वीस वर्षं मालूमच नाही, आपल्या गाडीत काय हाये ते!"

त्याच आनंदात त्यांनी मोताळ्याच्या चौकात गोल वळण घेतलं. वळताना चाकांनी करकर केली. पलीकडे जाऊन त्यांनी गाडी थांबवली आणि दांडी वर ओढली. दांडी हलली नाही. पुन्हा ओढली. दोन्ही हातांनी ओढली. मग खाली उतरून, एक पाय आत एक पाय बाहेर, असं अंग टाकून ओढली.

"एक मिनिट झालं," धम्मशीलाबाई म्हणाल्या.

देवानंदरावांनी रामरावांना फोन लावला.

"रामराव, ते छोटी दांडी वर कशी येते?"

पलीकडून रामराव म्हणाले, "हात लावला ना तुमी?"

"जराकसा."

"मले काय मालूम, बाप्पा, वर कशी येते? मले त ते खाली जाते हेच मालूम नव्हतं."

मोताळ्यातला मिस्त्री पुंजाजी जुन्या जीपांचा जाणता, पण त्याच्या गॅरेजला कुलूप होतं. शेजारच्या टपरीवाल्यानं सांगितलं की तो मलकापूरला लग्नाला गेलाय, आणि नंबर दिला. इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होईल की नाही या भीतीनं देवानंदरावांनी ते चालूच ठेवलं होतं. तिकडे पुंजाजीच्या कानाशी बँड वाजत होता.

"रोहिणखेडचा हिवराळे बोलून राह्यलो! छोटी दांडी अटकली!" देवानंदराव ओरडले. "वर येऊन नाही राह्यली! काय करू?"

"मागं घ्या!" पुंजाजी ओरडला. "मातीत!"

"काय?"

"मागं! माती! माती!"

देवानंदरावांनी फोन बंद केला. त्यांचा चेहरा पडला होता.

"काय म्हने?"

"मागं द्या म्हन्ते. परत करा म्हन्ते. माती हाये म्हने गाडी." त्यांनी कपाळ पुसलं. "न पाहताच माती म्हनलं वं त्यानं. पाहून म्हनला असता त समजलो असतो."

साडेअकरा होत होते. गावाकडे जाणारी एसटी दीडला होती. एक काळीपिवळी आली, पण तिच्या मागच्या दारालाच तिघं लोंबकळत होते. धम्मशीलाबाईंनी तिच्याकडे बघितलं, आपल्या मोरपंखी साडीकडे बघितलं, आणि नवऱ्याकडे बघितलं. देवानंदराव दांडीवर हात ठेवून बसले होते. सायकलवरून उशिरा पोचल्यावर त्यांचा चेहरा असाच व्हायचा. तो धम्मशीलाबाई लग्नाच्या पहिल्या वर्षापासून बघत आल्या होत्या.

"गाडी चालते ना?" त्यांनी विचारलं.

"चालते. पन अशी."

"मंग चला अशीच. अथी बसून काय लवकर पोचनार हावो आपन?"

जीप निघाली. आणखी काही मोडेल या धास्तीनं पहिला गिअर सोडला नाही. इंजिन किंचाळायचं, पण काटा पाचाच्या पुढे जायचा नाही. नव्या जीपची चाकं खराब होऊ नयेत म्हणून देवानंदरावांनी ती डांबरावरच ठेवली. कडेच्या मातीत एक चाकही उतरू दिलं नाही. आधी एक मोटारसायकल पुढे गेली. मग मक्याची कणसं भरलेली बैलगाडी बराच वेळ बरोबरीनं चालली. उतारावर बैलांनी जरा पाय उचलले आणि तीही पुढे गेली. गाडीवानानं वळून बघितलं नाही, हे त्याचे उपकारच.

मागून सायकलवर प्रेम आला. हा गावातलाच, सहा फूट उंचीचा, कृषी केंद्रात कामाला.

"बाई! तुमी जीपमधी? वा! अन् एवढ्या हळू?"

"हाव, बाप्पा. चालला का कार्यक्रमाले?"

"तुमच्याच कार्यक्रमाले येऊन राह्यलो!"

तो गप्पा मारत बाजूनं चालवू लागला. पण इतक्या सावकाश सायकलचा तोल राहीना. शेवटी तो खाली उतरला आणि सायकल हातात धरून जीपच्या बरोबरीनं चालू लागला.

"हा पावणेदोन किलोचा होता," धम्मशीलाबाईंनी नवऱ्याला हळूच सांगितलं. गावातलं कुणीही दिसलं की त्यांना आधी त्याचं जन्माचं वजन आठवायचं, नाव मागून. "याची माय म्हने, हे लेकरू काही जगत नाही. दोन महिने रोज जात होती मी."

"जगलं," देवानंदराव आरशात बघत म्हणाले. "अन् आता आपल्यापेक्षा जोरात चालून राह्यलं."

फाट्यावर गावातली भिमाबाई उभी होती. डोक्यावर गाठोडं, हातात काठी. देवानंदरावांनी ब्रेकवर पाय ठेवला, तर तीच ओरडली, "थांबवू नका, थांबवू नका! चढते मी!" आणि खरोखरच चालत्या जीपमध्ये आधी गाठोडं, मग काठी, मग स्वतः, अशी ती मागं चढून बसली. जरा वेळानं म्हणाली, "गाडी बरी हाये बाई तुमची. काळीपिवळीत पदर सांभाळू का जीव सांभाळू असं होते. हिच्यात दोन्ही जागच्या जागी राहते."

पुढे वस्तीवरच्या सहा-सात बाया सत्काराला पायी निघाल्या होत्या, दोघींच्या कडेवर लेकरं. लेकरं असलेल्या दोघींना जीपमध्ये घेतलं. बाकीच्यांनी सांगितलं, की आम्ही चालतो, गाडी सोडून काही जात नाही. त्या जीपच्या मागं चालू लागल्या. चालता चालता गप्पा सुरू झाल्या, गप्पांतून कुणीतरी अंगणवाडीतलं बडबडगीत म्हणायला लागलं, आणि बाकीच्यांना ते पाठच होतं, कारण त्यांतल्या निम्म्या जणी तिथंच शिकल्या होत्या.

"गाऊ नका वं," धम्मशीलाबाई खिडकीतून डोकं काढून म्हणाल्या. "लोक काय म्हनतीन?"

तेवढ्यात मागून भागवतचा ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत कापूस. जीपच्या मागच्या घोळक्यामुळे त्याला बराच वेळ वाट मिळेना. मिळाली तेव्हा त्यानं वर बसूनच नमस्कार केला आणि पुढे जाऊन खिशातून मोबाइल काढला. सरपंच गजेंद्र त्याचा मित्र. तो गजेंद्रला म्हणाला, "बाई येऊन राह्यल्या. जीपमधी हाये. गाडी इतकी हळू, मागं बाया गानं म्हनून राह्यल्या, जशी काही मिरवणूकच."

गजेंद्र मैदानावर मांडव, खुर्च्या आणि माइक यांच्यामध्ये उभा होता. मुख्याध्यापक शालिग्राम सर माइक तपासत "हॅलो, हॅलो" करत होते. फोनमधला 'जशी काही' त्या 'हॅलो'खाली दबून गेला.

"सर!" गजेंद्र ओरडला. "बाई मिरवणुकीनं येऊन राह्यल्या!"

"पण बाई तर नको म्हणाल्या होत्या."

"आपल्याले नको म्हनल्या. घरच्यायनं काढली असन. अन् आपन इथं चहा उकळत बसलो! लेझीमवाल्या पोराइले बोलवा!"

एक वाजून चाळीस मिनिटांनी, जुनी मशीद मागं टाकून जीप गावात शिरली, तेव्हा वेशीजवळ लेझीम वाजत होतं. देवानंदरावांना आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी लग्न आहे. त्यांनी रस्ता द्यायला जीप बाजूला घ्यायचा विचार केला. पण लेझीमवाले पुढे झाले, मागच्या बाया मागून दाटल्या, आणि जीप मधोमध सापडली.

"हे काय वं?"

"मले काय विचारता? मी त तुमच्याच बाजूले बसली."

सरपंच गजेंद्र फेटा बांधून सामोरा आला आणि त्यानं धम्मशीलाबाईंच्या पायांना हात लावला. ("सव्वादोन किलो," त्या पुटपुटल्या.) "बाई, आमाले नाही म्हनल्या अन् काकाइनं गुपचूप सगळं केलं! जीप बी आनली, मिरवणूक बी काढली! काका, मानलं तुमाले!"

देवानंदरावांनी तोंड उघडलं. आजूबाजूला दीड-दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. त्यांनी तोंड मिटलं.

शाळा अर्ध्या किलोमीटरवर होती. त्या अर्ध्या किलोमीटरला पाऊण तास लागला, आणि एवढा वेळ किंचाळत आलेलं इंजिन एकदाही तापलं नाही की बंद पडलं नाही. दर दारात कुणीतरी फुलं घेऊन उभं होतं. इतकी वर्षं याच दारांवरून धम्मशीलाबाई हातात वजनकाटा घेऊन भराभरा चालत गेल्या होत्या. कुठल्या घरासमोर कुठला दगड आहे हे त्यांच्या पायांना माहीत होतं, पण घरांकडे निवांत बघायला कधी सवड झाली नव्हती. आता जीप सरकत होती आणि घरं एकेक करून समोर येत होती. कुणाच्या दारात बाज, कुणाच्या दारात नवा नळ, कुणाच्या भिंतीवर त्यांनीच चिकटवलेला लसीकरणाचा कागद, उन्हानं पांढरा पडलेला. देवानंदरावांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि दांडीवरचा हात काढून घेतला.

सत्कार दणक्यात झाला. शाल झाली, भाषणं झाली. शालिग्राम सरांनी धम्मशीलाबाईंना माइक दिला. त्या उभ्या राहिल्या, साडीचा पदर नीट केला.

"मी मिरवणूक नको म्हनलं होतं," त्या म्हणाल्या, "अन् मी शब्दाची पक्की हाये. आता झाली ते मिरवणूक नव्हती. यायनं जीपचा एक गिअर टाकला, तो निंगालाच नाही. म्हनून गाडी हळू आली. बाकी काही नाही."

त्यावर जो हशा पिकला आणि टाळ्या पडल्या, त्यात मांडवाच्या दोऱ्या हलल्या.

"हा बाईंचा विनय!" शालिग्राम सर दुसऱ्या माइकवरून गहिवरून म्हणाले. "स्वतःच्या गौरवाचं श्रेय गिअरला देणं, याला मोठं मन लागतं!"

"अहो सर, खरंच अटकला."

टाळ्या आणखी वाढल्या. भिमाबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग गजेंद्रनं माइक घेतला आणि जाहीर केलं, की ज्या माणसानं बायकोसाठी स्वतः जीप आणली, स्वतः चालवली, आणि तीन तास एवढ्या संयमानं हळू चालवली, की रस्त्यातला एकही माणूस मागं राहिला नाही, त्या देवानंदकाकांचाही सत्कार व्हायलाच पाहिजे. राखीव ठेवलेली शाल काढण्यात आली. देवानंदराव खाली मान घालून व्यासपीठावर गेले. तीस वर्षांच्या नोकरीत उशिरा पोचल्याबद्दल त्यांना बरंच काही मिळालं होतं. शाल पहिल्यांदाच मिळत होती.

उन्हं कलली, माणसं पांगली, चहाची पातेली विसळून झाली. मैदानाच्या कोपऱ्यात भुसभुशीत मातीवर जीप उभी होती. भागवत तिच्याभोवती एक फेरी मारून आला.

"काका, पुंजाजीचा मले फोन आला होता. माहा ट्रॅक्टर त्याच्याचकडं असते ना. म्हने, त्या हिवराळेकाकाले मी गाडी मागं घ्या म्हनलं, मातीत, त त्यायनं फोनच ठेवला."

"मागं द्या म्हनला ना तो? माती हाये गाडी?"

"नाही हो! मागं घ्या, मातीत! डांबरावर फोर व्हील टाकून वळलं की चाकं एकमेकाले पिळतात, मंग दांडी अटकते. मऊ मातीत दोन हात मागं घेतली की पीळ सुटते. सरका बरं, दाखवतो."

भागवत आत बसला. त्यानं जीप मातीत चार हात मागं घेतली, क्लच दाबला आणि छोटी दांडी एका बोटानं वर उचलली. टक असा आवाज झाला. एवढंच.

देवानंदरावांनी खिशातलं कार्ड काढलं, अठराव्या प्रश्नासमोर बरोबरची खूण केली आणि कार्ड भागवतच्या हातावर ठेवलं. "ठेव तुले. पुढं कधी जुनी गाडी घेशीन त कामी येईन."

ते चाकामागं बसले. अंगावर शाल तशीच होती. शेजारी धम्मशीलाबाई, मांडीवर फुलांचा ढीग. जीप एका झटक्यात मैदानाबाहेर आली. तिचा आवाज आता सकाळसारखा मोकळा झाला होता.

"पाह्यलं? कशी पयते आता! दोन मिनिटांत घरी."

"काय करनार हावो दोन मिनिटांत घरी जाऊन?"

देवानंदरावांनी वेग कमी केला. धम्मशीलाबाई समोरच्या गल्लीकडे बघत होत्या. गल्लीत संध्याकाळचा धूर उतरला होता, लोक कामावरून परतून ओट्यांवर बसले होते.

"उद्या सकाळी मले कुठंच टायमावर पोचाचं नाही," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षात पहिल्यांदा. अन् ह्या गल्लीतून आपली मिरवणूक गेलीच नाही. शाळेकडून वळली."

"मंग?"

त्यांनी बोटानं छोटी दांडी दाखवली. "टाका ते खाली."

देवानंदरावांनी दचकून जीप थांबवली. खाली डांबर होतं. पुढे दोन वळणं होती.

"अवं, पुन्हा अटकली त?"

धम्मशीलाबाईंनी मांडीवरची फुलं नीट केली, पाठ टेकली, आणि चपला काढून पाय जरा सैल सोडले.

"अटकू द्या," त्या म्हणाल्या.